वळिवड्याचे पोलिश आणि येद्वाब्नेचा दगड

ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकापाशी त्यांनी फुलं वाहिली. तो फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभरात आठ वेळा येऊन पडला. मीही पुढे ढकलला. कोल्हापूरकराची छाती असल्या वेळी जरा फुगतेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलंच. स्टालिनने पूर्व पोलंडमधून उचलून त्यांना सैबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ते इथे पोचले. माझं आजोळ वळिवड्यापासून तासाभराच्या चालीवर. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तिच्याकडे या लोकांच्या गोष्टींचं गाठोडंच होतं. सोनेरी केसांची पोरं, मोडक्या मराठीत भाजीचा भाव पाडणाऱ्या बाया, रविवारी ऐकू येणारी त्यांची गाणी. त्यामुळे पोलंड म्हणजे बिचारा, सोसलेला, उपकार न विसरणारा देश, हे माझ्या डोक्यात लहानपणीच पक्कं झालं होतं.

पुढे येलेना सुबोतिच या बाईंचं 'यलो स्टार, रेड स्टार' हे २०१९ सालचं पुस्तक वाचनात आलं. बाई इतिहासाच्या नव्हेत, आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक. त्या एक प्रसंग सांगतात. २०१४ मध्ये बेलग्रेडच्या इतिहास संग्रहालयात कम्युनिस्ट अत्याचारांचं प्रदर्शन भरलं. टिटोच्या राजवटीतल्या छळछावणीचे कैदी म्हणून एक फोटो लावला होता. तो निघाला बुखेनवाल्डचा! अमेरिकन सैन्याने १९४५ मध्ये काढलेला, जगप्रसिद्ध. सुबोतिच यांचं म्हणणं असं की ही नुसती चूक नाही. माणसाला 'मी कोण' याची एक घट्ट गोष्ट लागते, तशी ती देशालाही लागते. पूर्व युरोपातल्या देशांची गोष्ट आहे 'आमच्यावर कम्युनिझमने अन्याय केला' ही. ती खरीच आहे. पण युरोपच्या पंगतीत बसायचं तर ज्यूंच्या वंशसंहाराची आठवणही पानात घ्यावी लागते, आणि ती घेतली की आपल्याच आजोबांचं काय, हा प्रश्न येतो. मग त्या आठवणीची चित्रं उसनी घ्यायची आणि तो प्रश्न पानाबाहेर काढून ठेवायचा.

त्यांचा भर सर्बिया, क्रोएशिया आणि लिथुआनियावर आहे. मला मात्र वाचताना सारखं वळिवडं आठवत होतं, म्हणून मी पोलंडकडे वळलो.

येद्वाब्ने हे ईशान्य पोलंडमधलं लहानसं गाव. १९३९ ते ४१ ते सोव्हिएत ताब्यात होतं. वळिवड्याला आलेल्या लोकांना ज्या राजवटीने उचललं, तीच इथेही होती. जून १९४१ मध्ये जर्मन आले. १० जुलैला गावातल्या ज्यूंना एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं गेलं. तिथे उभ्या केलेल्या दगडावर कित्येक वर्षं लिहिलेलं होतं की हे जर्मनांनी केलं. २००० साली यान ग्रॉस यांचं 'शेजारी' हे पुस्तक आलं आणि त्यांनी सांगितलं की जाळणारे गावातलेच पोलिश होते. देश हादरला. सरकारी तपासाचा निष्कर्षही तोच निघाला: जर्मनांची चिथावणी, पण हात पोलिश, मृत किमान ३४०. 'ज्यूंनीच रशियनांना साथ दिली' हा आरोप तेव्हा हवेत होताच. त्यावर कडी अशी की स्टालिनच्या गाड्यांत घालून पाठवलेल्यांत ज्यूही होते.

२००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वाश्न्येव्स्की यांनी येद्वाब्नेत जाऊन माफी मागितली. तो जुना दगड काढला. नव्यावर मेलेल्यांचा उल्लेख आहे, मारणाऱ्यांचा नाही.

आता पॉप्युलिझमचा भाग. २०१५ मध्ये 'कायदा आणि न्याय' हा पक्ष सत्तेवर आला. असल्या राजकारणाला एक निष्पाप जनता लागते आणि तिची बदनामी करणारे कुणीतरी शिकलेले लोक लागतात. इतिहासकार आयते सापडले. जानेवारी २०१८ मध्ये संसदेने कायदा केला की नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकली तर तीन वर्षांपर्यंत कैद. इस्रायल भडकला, अमेरिका नाराज झाली. जूनमध्ये एका दिवसात कैदेची तरतूद गुंडाळली आणि मोराव्हिएत्स्की व नेतान्याहू या दोन पंतप्रधानांनी संयुक्त निवेदन काढलं. त्यात पोलिश मदतीचं माप मोठं धरलंय, म्हणून याद वाशेमच्या इतिहासकारांनी नेतान्याहूंनाही सुनावलं. दोघांनाही एकमेकांची गरज होती, मेलेल्यांना कोण विचारतो!

पोलिश माणसाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. 'पोलिश छळछावण्या' हा शब्द ऐकून त्याचं डोकं फिरतं ते योग्यच आहे. छावण्या जर्मनांच्या होत्या. ज्यूंना वाचवणारे म्हणून याद वाशेमने गौरवलेल्यांत सर्वाधिक, सात हजारांवर, पोलिशच आहेत. मार्कोवा गावच्या उल्मा कुटुंबाने आठ ज्यूंना लपवलं म्हणून मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी नवरा, गरोदर बायको आणि सहा लेकरं, सगळ्यांना गोळ्या घातल्या. २०१६ मध्ये तिथे संग्रहालय झालं. उभारलं ते चांगलंच केलं. पण उल्मांना इतकं लपूनछपून का राहावं लागलं, शेजाऱ्यांचीही धास्ती का होती, हे बार्बारा एंगेल्किंग आणि यान ग्राबोव्स्की यांच्यासारखे लोक लिहायला लागले की कोर्टात खेचले जातात. दोघांना २०२१ च्या फेब्रुवारीत माफी मागायला सांगितलं गेलं. ऑगस्टमध्ये अपिलात तो निकाल फिरला, हे नशीब. २०२३ मध्ये सरकार बदललं. पण २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडून आले ते कारोल नाव्रोत्स्की. त्याआधी ते, २०१८ चा तो कायदा ज्या संस्थेच्या नावाने होता, त्या राष्ट्रीय स्मृती संस्थेचे प्रमुख होते.

याच सगळ्या काळात, सप्टेंबर २०१९ मध्ये, पोलंडचे परराष्ट्र उपमंत्री वळिवड्याला स्मारकाच्या उद्घाटनाला आले होते. कृतज्ञतेची आठवण विमानाने कुठेही नेता येते, कस्टमवाले अडवत नाहीत. मला त्यांची चेष्टा करायची नाही. वळिवड्याची पोरं खरीच सोसून आली होती.

पण मंडळी, आता जरा घरचं. आजोळच्या गल्लीच्या टोकाला एक जोतं होतं, जळक्या दगडांचं. पूर्वी तिथे कुलकर्ण्यांचा वाडा होता, एवढंच आम्हा पोरांना माहीत. गांधीजींच्या खुनानंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, आपल्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जळला. येद्वाब्नेशी याची तुलना करायची नाही. तिथे माणसं जाळली, एक अख्खी वस्ती संपवली. पण वळिवड्याचा कॅम्प त्याच वर्षी उठत होता. पोलिश पोरांच्या चड्डीचा रंग सांगणारी आजी या वाड्याबद्दल मात्र कधी बोलली नाही.

एकदा कॉलेजात असताना मी विचारलंच. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाईरनं मानसं आलती. गावातलं कोन न्हवतं."

मी पुन्हा विचारलं नाही. आता ती नाही. मामा हे वाचत असेल तर त्याला नक्की आठवत असेल की वाड्याचा सागवानी दरवाजा पुढे कुणाच्या गोठ्याला लागला.