गोळी, गुठळी आणि जाणण्याचा अधिकार

संततिनियमनाचा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. त्याच वर्षीं मेरी स्टोप्सबाईंनीं लंडनमध्यें आपला दवाखाना सुरू केला. १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललेल्या ‘समाजस्वास्थ्या’ंत कर्व्यांनीं धरलेला आग्रह केवळ साधनांपुरता नव्हता. शरीरासंबंधीचें ज्ञान स्त्रीपुरुषांस मराठींत व उघडपणें मिळावें, असा तो होता. ते वारले तेव्हां संततिप्रतिबंधक गोळी बाजारांत आलेली नव्हती. परंतु पुढें तिच्यावरून जो वाद माजला, त्यानें याच आग्रहाची कसोटी पाहिली.

अमेरिकेंत १९६० च्या मे महिन्यांत ‘एनोव्हिड’ या गोळीस संततिप्रतिबंधासाठीं मान्यता मिळाली. दुसऱ्याच वर्षीं इंग्लंडांतील डॉ. जॉर्डन यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें एका परिचारिकेची हकीकत छापली. निराळ्या विकारावर हीच गोळी घेत असतां तिच्या फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकली होती. एका उदाहरणावरून सिद्धान्त निघत नाहीं, हा आक्षेप तर्काला धरूनच होता. कारण गोळी न घेणाऱ्या स्त्रियांसहि गुठळ्या होतात. मग भेद ओळखावा कसा?

उत्तर मोजदादीनें दिलें. व्हेसी व डॉल या संशोधकांनीं १९६८ सालीं अशा ५८ विवाहित स्त्रियांची माहिती मांडली, कीं ज्यांच्या गुठळीस दुसरें उघड कारण सांपडत नव्हतें. इतर दुखण्यांसाठीं रुग्णालयांत आलेल्या ११६ स्त्रियांशीं त्यांची तुलना केली. पहिल्या गटांत २६ जणी गोळी घेणाऱ्या निघाल्या. दुसऱ्यांत अवघ्या १०. गोळींतील इस्ट्रोजेनमुळें रक्त गोठविणारीं द्रव्यें यकृतांत अधिक तयार होतात, हें कारणहि पुढें स्पष्ट झालें. १९६९ च्या अखेरीस ब्रिटिश औषधसुरक्षा-समितीनें ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला. आरंभींच्या एनोव्हिडमध्यें तें १५० होतें. आपल्या सरकारी ‘माला-एन’मध्यें तें ३० आहे.

१९७० च्या जानेवारींत अमेरिकन सिनेटर नेल्सन यांनीं गोळीविषयीं चौकशी मांडली. साक्षीस तज्ज्ञ आले, पण गोळी घेणारी एकहि स्त्री बोलाविलेली नव्हती. तेव्हां प्रेक्षकांतून स्त्रियाच उठल्या व आम्हांस हें आधीं कां सांगितलें नाहीं, असें विचारूं लागल्या. त्याच वर्षीं गोळीसोबत धोक्याची सूचना देणें भाग पडलें. आमच्या मतें या वादाचें खरें फळ हेंच होय.

परंतु अर्धवट ज्ञान लपविलेल्या ज्ञानाइतकेंच घातक असतें. १९९५ सालीं ब्रिटनमध्यें कांहीं गोळ्यांचा धोका दुप्पट असल्याची सूचना निघतांच पुष्कळ स्त्रियांनीं गोळी सोडली व पुढील वर्षीं गर्भपातांची संख्या वाढली. दुप्पट कशाची, हें कोणीं विचारलें नाहीं. दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षास गोळी न घेणाऱ्यांत १ ते ५, घेणाऱ्यांत ३ ते ९, गर्भवतींत ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत त्याहूनहि अधिक, असें गुठळीचें प्रमाण सांगितलें जातें. अर्थात् धोका खोटा नाहीं; पण नको असलेलें गरोदरपण त्याहून निर्धोक आहे, असेंहि नाहीं.

आज मोरगांवसारख्या गांवीं आशा कार्यकर्तीच्या पिशवींत माला-एनचें पाकीट असतें. लखनौच्या संशोधनसंस्थेंत निघालेली, इस्ट्रोजेन नसलेली ‘छाया’ही असते. पूर्वीं गुठळी झालेली आहे काय, घरांत कोणास झाली होती काय, नुकतेंच बाळंतपण झालें आहे काय, हे प्रश्न पाकिटाआधीं विचारले गेले पाहिजेत. एका पायाची पोटरी सुजून दुखूं लागली किंवा एकाएकीं दम लागला, तर तत्काळ दवाखाना गांठावा, हेंहि तिला तिच्या भाषेंत सांगितलें पाहिजे. भिवविणें सोपें, लपविणें त्याहून सोपें. समजावून सांगणें तेवढें कष्टाचें असतें. तें कष्टाचें काम जेथें टळतें, तेथें कर्व्यांचा लढा अजून संपलेला नाहीं.