बॉस आणि बॉब

एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना ‘मॅनेजर’ या शब्दापाशी मी दोन दिवस अडून बसले होते. ‘व्यवस्थापक’ म्हटले की बँकेतली काचेची केबिन दिसते. ‘प्रशिक्षक’ म्हटले की गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस दिसतो, पण खेळाडू विकत घेणारा, विकणारा, कोणाला बाकावर बसवायचे ते ठरवणारा आणि हरल्यावर एकट्याने शिव्या खाणारा माणूस त्या शब्दात मावत नाही. शेवटी ‘मॅनेजर’ तसाच ठेवला. ‘केअरटेकर मॅनेजर’ मात्र विनासायास मराठीत आला: काळजीवाहू मॅनेजर. तो शब्द आपल्या राजकारणाने आधीच घडवून ठेवला होता. गादी, वारस, दत्तक, कारभारी... सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाताना लागणाऱ्या शब्दांची आपल्याकडे वाण नाही.

मूळ लेख १९७४च्या उन्हाळ्याबद्दल होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेड पहिल्या विभागातून खाली घसरले. युरोपियन कप जिंकून त्यांना सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. जुलैच्या सुरुवातीला डॉन रेव्ही यांनी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी लीड्स सोडले. लगेच १२ जुलैला बिल शँक्ली यांनी लिव्हरपूलचा राजीनामा जाहीर केला. दोन महिन्यांपूर्वीच वेम्ब्लीवर त्यांनी एफए कप जिंकला होता. वय साठ. थकलो, एवढेच कारण दिले. लोकांचा विश्वास बसेना.

या कहाणीचा नेहमी सांगितला जाणारा धडा सोपा आहे. लिव्हरपूलने घरातला माणूस निवडला आणि ते तरले, लीड्सने बाहेरचा आणला आणि ते बुडाले. मला तो धडा पटत नाही, कारण मँचेस्टर युनायटेडनेही घरातलाच माणूस निवडला होता.

सर मॅट बझबी १९४५ पासून तिथे होते. म्युनिकच्या विमान अपघातात संघ गमावून त्यांनी दुसरा उभा केला होता. १९६९मध्ये ते बाजूला झाले आणि विल्फ मॅकगिनेस हा एकतीस वर्षांचा तरुण त्यांच्या जागी आला. हा क्लबमध्येच लहानाचा मोठा झालेला, पाय मोडल्याने खेळ सुटलेला आणि राखीव संघाला शिकवणारा. बॉबी चार्लटनपेक्षा तो दोन आठवड्यांनी लहान होता. काल ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांनाच आज संघातून वगळायचे. पदही सुरुवातीला धड मॅनेजरचे नव्हते, ‘मुख्य कोच’ असे होते. बझबी जनरल मॅनेजर म्हणून इमारतीतच राहिले. मॅकगिनेसवर रागावलेल्या खेळाडूला कोणते दार ठोठवायचे ते कोणी सांगायला नको होते. डिसेंबर १९७०मध्ये मॅकगिनेसला काढले आणि काळजीवाहू म्हणून परत आले ते बझबीच. मग बाहेरून फ्रँक ओ’फॅरेल आणले, तेही दीड वर्षात गेले. तोवर बझबी संचालक झाले होते. ते काही कटकारस्थानी नव्हते. क्लब त्यांनीच उभारला होता, मग उठून जायचे तरी कुठे?

लीड्सची गोष्ट उलटी. रेव्ही खरोखरच निघून गेले आणि जाताना जॉनी जाइल्स या आपल्या खेळाडूचे नाव सुचवून गेले. संचालकांनी ते ऐकले नाही. त्यांनी ब्रायन क्लफ यांना आणले. क्लफ म्हणजे वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून लीड्सला दांडगाई करणारे, फसवे म्हणणारा माणूस. डर्बीला त्यांनी १९७२मध्ये विजेतेपद मिळवून दिले होते, पण डर्बीत पीटर टेलर हा जोडीदार बरोबर होता. खेळाडू पारखायची नजर टेलरची, जीभ क्लफची. टेलर ब्रायटनलाच राहिले आणि लीड्सला फक्त जीभ आली. तुमची पदके कचऱ्यात टाका, ती तुम्ही फसवून मिळवली आहेत, अशा अर्थाचे बोलून त्यांनी सुरुवात केली, असे त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे सांगितले. लीगच्या सहा सामन्यांत एक विजय. ४४ दिवसांनी, १२ सप्टेंबरला, हकालपट्टी. त्याच संध्याकाळी यॉर्कशर टेलिव्हिजनने क्लफ आणि रेव्ही यांना एकाच स्टुडिओत शेजारी बसवले. ते चित्रण आजही पाहता येते. गादीवरून उतरलेले दोघे, एक आपणहून आणि एक ढकललेला, आणि वाद एकच: संघ कोणाचा?

म्हणजे बाहेरचा माणूस चालत नाही, असे म्हणायचे का? इथे मला कोलकाता आठवते. जादवपूरला तौलनिक साहित्य शिकत असताना मी ज्या घरी राहत होते, ते पक्के ईस्ट बंगालवाले. पी. के. बॅनर्जी हे नाव त्या घरी आदराने निघे आणि लगेच एक उसासा निघे. १९७५च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात पीकेंच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० हरवले आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानने पीकेंनाच बोलावले! १९७७मध्ये त्यांच्या हाताखाली मोहन बागानने शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असे तिन्ही चषक जिंकले. पीकेंचे हत्यारही जीभच होती. सामन्याआधीच्या त्यांच्या बोलण्याला बंगालमध्ये ‘व्होकल टॉनिक’ म्हणतात. पण टॉनिक आणि जुलाब यांत फरक असतो. घरमालक जेठू म्हणायचे, पीके समोरच्याला आधी मोठा करत, मग त्याच्याकडून मागत. क्लफलाही ती विद्या येत होती. नॉटिंगहॅम फॉरेस्टला, टेलर परत आल्यावर, त्यांनी लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. लीड्सला मात्र त्यांना संघ घडवायचा नव्हता, जुना हिशेब चुकता करायचा होता.

आता लिव्हरपूल. बॉब पेझ्ली १९३९ पासून क्लबात. आधी खेळाडू, मग फिजिओ, मग कोच. अ‍ॅनफिल्डच्या स्टँडखालच्या ‘बूट रूम’मध्ये पेट्यांवर बसून जो फेगन, रूबेन बेनेट, रॉनी मोरान यांच्याबरोबर गप्पा मारायच्या आणि रोजच्या सरावाच्या नोंदी वहीत उतरवायच्या, हे त्यांचे जग. भाषण जमत नसे, नावे विसरत. त्यांना हे पद नको होते. शँक्लींनी जाऊ नये म्हणून त्यांनी मिनतवाऱ्या केल्या, पण शेवटी जुलै संपण्याआधी पद गळ्यात पडलेच.

१० ऑगस्टला चॅरिटी शील्डचा सामना झाला, लीग विजेते लीड्स विरुद्ध कप विजेते लिव्हरपूल. बोगद्यातून लीड्सला घेऊन क्लफ बाहेर आले. लिव्हरपूलच्या पुढे मात्र मॅनेजर पेझ्ली नव्हते, शँक्ली होते. निरोपाचा मान म्हणून हे ठीकच होते. अडचण पुढे आली. शँक्ली रोज सकाळी मेलवुडच्या सराव मैदानावर येत राहिले. खेळाडू त्यांना ‘मॉर्निंग, बॉस’ म्हणत आणि पेझ्लींना ‘मॉर्निंग, बॉब’. दोन्ही शब्द भाषांतर न करता समजतात आणि ते कोणत्या क्रमाने ऐकू येत असतील याचा अंदाजही येतो. मँचेस्टरमध्ये जे दार उघडे राहिले, तेच इथेही उघडे राहू पाहत होते.

लिव्हरपूलने ते बंद केले. हळूहळू, फारसे न बोलता, मेलवुडला आपण नको आहोत हे शँक्लींना कळेल अशा रीतीने. पहिल्या मोसमात पेझ्लींना कोणतीही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही. नंतरच्या आठ वर्षांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप आले. १९८३मध्ये त्यांच्यामागून बूट रूममधलेच फेगन आले. या घराण्याची वाहवा आपण करतो, मीही करते. पण तिचे बिल एका म्हाताऱ्याच्या नावावर फाडले गेले, ते वाहवा करताना कोणी वाचून दाखवत नाही. लिव्हरपूलपेक्षा इतर क्लबांत आपले अधिक स्वागत होते, हे दुःख शँक्लींनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

२०१३मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले, तेव्हा त्यांनीच डेव्हिड मॉइज यांची निवड केली आणि नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहा, असे मैदानावरून प्रेक्षकांना सांगितले. करार सहा वर्षांचा होता. मॉइज दहा महिन्यांत गेले. त्या मोसमात संघ मागे पडला की कॅमेरा हटकून प्रेक्षागाराकडे वळे आणि संचालकांच्या रांगेत बसलेल्या फर्ग्युसन यांचा चेहरा दाखवी. म्हातारा काहीच करत नसे, नुसता बसलेला असे.

शँक्लींना तेवढी रांगही मिळाली नाही. पण त्यांना सकाळी उठून कुठेतरी जायचे होतेच. बेलफिल्ड त्यांच्या घराजवळ होते. ते एव्हर्टनचे, म्हणजे गावातल्या प्रतिस्पर्ध्याचे सराव मैदान. तिथे त्यांना चहा मिळे आणि पोरांशी फुटबॉलवर बोलता येई.