रखवालदार पेशींचे कोडे

२०२० च्या कोरोना साथीत आपण एक विचित्र गोष्ट ऐकली असेल. विषाणू ओसरू लागला, तरी कित्येक रोग्यांच्या फुप्फुसांचा दाह वाढतच गेला. असले कोडे शास्त्रज्ञांना नवे नव्हते.

१९७३ साली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरी पीटर डोहर्टी, मूळचे गुरांचे डॉक्टर, आणि स्वित्झर्लंडचे रॉल्फ झिंकरनागेल एकाच प्रयोगशाळेत उंदरांवर काम करीत होते. त्यांनी घेतलेला विषाणू मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा. गंमत पाहा, हा विषाणू स्वतः पेशींना फारशी इजा करीत नाही. उंदीर मरतो तो आपल्याच रक्षक पेशींच्या माऱ्याने!

या रक्षक पेशी त्यांनी काचेच्या भांड्यात बाधित पेशींसमोर सोडल्या. बाधित पेशी पटापट फुटल्या. पण त्या निराळ्या वाणाच्या उंदराच्या असल्या, की विषाणू तोच असूनही रक्षक ढिम्म हलेनात. म्हणजे हा रखवालदार नुसता चोर पाहत नाही. घर आपलेच ना, हेही पाहतो. १९७४ साली हे छापले गेले. नोबेल मिळाले १९९६ साली.

पण चोर घरात शिरला, की घरच पाडायचे, अशी ही रखवाली! फुप्फुसात ती हाताबाहेर गेली तर श्वास कोंडतो. म्हणूनच २०२० साली ब्रिटनमध्ये दाह आवरणारे डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध देऊन पाहिले, तेव्हा श्वासयंत्रावरच्या रोग्यांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता, त्यांना मात्र त्याचा काही लाभ झाला नाही.