फाडफाड इंग्रजी आणि निर्यातीचा कागद

परदेशी माल पाठवायचा असेल तर आधी फाडफाड इंग्रजी बोलता आले पाहिजे, हे मत आपल्याकडे इतके मुरले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. पिंपळगाव बसवंत असो, तासगाव असो की इचलकरंजी, द्राक्षे, बेदाणा किंवा कापड बाहेर धाडू पाहणाऱ्या तरुणाला पहिला सल्ला मिळतो तो 'स्पीकिंगचा क्लास लाव' हाच. तो बिचारा आरशापुढे उभा राहून स्वतःची ओळख करून द्यायला शिकतो. निर्यात आहे तिथेच राहते.

या मताची बाजू आधी सरळपणे मांडू. जागतिक व्यापाराची भाषा इंग्रजी आहे, हे खरे. करार, विमा, बँकेची पत्रे, जहाजाची बिल्टी इंग्रजीत असतात, हेही खरे. मराठी माध्यमातून आलेला माणूस परदेशी ग्राहकापुढे बिचकतो आणि बिचकणाऱ्याचा भाव पाडला जातो, हा अनुभव तर पुष्कळांचा. आता भाषा बोलल्याशिवाय येत नाही, बोलायला समोर कोणी हवे, म्हणून क्लास हवा, असा यावरचा निष्कर्ष. पूर्वपक्षाची विधाने मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. विधाने बहुतांशी कागदाविषयी आहेत आणि निष्कर्ष काढला आहे जिभेविषयी.

बोलता येण्यावर निर्यात अवलंबून असती तर चीन आपल्या कितीतरी मागे असता. वस्तूंच्या निर्यातीत तो २००९ पासून जगात पहिला आहे. जगाच्या वस्तुनिर्यातीतला भारताचा वाटा अजून दोन टक्क्यांच्या आत आहे. चीनच्या यशाची कारणे वेगळी आहेत, बंदरे, वीज, कारखान्यांचा आवाका, असे कोणी म्हणेल. मी तरी दुसरे काय म्हणतो आहे? कारणे वेगळी आहेत, एवढेच तर सिद्ध करायचे होते. त्याच चीनमध्ये १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांचा समुद्री व्यापार एकट्या कँटन बंदरातून चाले आणि तो चाले मोडक्यातोडक्या, काहीशे शब्दांच्या मिश्र इंग्रजीत. त्या बोलीत व्यवहार करणारा हौक्वा हा चहाचा व्यापारी आपल्या काळातल्या जगातल्या सर्वात श्रीमंतांपैकी एक होता. त्याचा पैसा पुढे जॉन मरे फोर्ब्ज या अमेरिकी व्यापाऱ्याच्या हातून अमेरिकेत गुंतला. त्याचे व्याकरण सुधारायला कोणी गेले नाही. त्याच्या चहाचा दर्जा आणि त्याचा हिशेब पक्का होता.

शिवाय समोर बसलेला असतो कोण? रॉटरडॅमचा आयातदार डच, दुबईचा बहुधा मलयाळी, इराणी नाहीतर पाकिस्तानी. इंग्रजी त्याचीही उसनीच. हेलसिंकीच्या ॲन कांकानरांटा आणि लीना लोउहियाला-साल्मिनेन या अभ्यासकांनी अशा उसन्या इंग्रजीवर चालणाऱ्या कंपन्यांमधल्या माणसांचा अभ्यास केला. काम करणाऱ्यांच्या लेखी महत्त्व होते ते नेमकेपणाला, धंद्याच्या आपल्या शब्दसंग्रहाला आणि पत्रव्यवहाराच्या रिवाजाला; इंग्रजांसारख्या निर्दोष इंग्रजीला नव्हे. आपण मात्र उच्चारांपायी जीव टाकतो.

आता मूळ मुद्दा. व्यापाराची इंग्रजी ही रोजच्या इंग्रजीची वरची पायरी नाही. ती बेतून दिलेली, नियमांनी बांधलेली वेगळीच भाषा आहे, आणि उत्तम इंग्रजी बोलणारा तिथे हटकून फसतो. बँकेच्या पतपत्राचे, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'एल.सी.'चे, नियम पाहा. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची यूसीपी ६०० ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. अवघी ३९ कलमे. तिसऱ्या कलमात 'फ्रॉम' या चार अक्षरी शब्दाचे दोन अर्थ बांधून दिले आहेत. माल चढवण्याची मुदत सांगताना 'फ्रॉम' आला की ती तारीख धरायची. हुंडीची देय तारीख काढताना तोच शब्द आला की ती तारीख सोडायची. माल महिन्याच्या 'बिगिनिंग'ला चढवा म्हटले तर १ ते १० तारखा. 'ऑन ऑर अबाउट' म्हटले तर त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत. आणि 'प्रॉम्प्ट', 'इमीजिएटली' असे निकडीचे शब्द घातले तर बँक त्यांच्याकडे चक्क दुर्लक्ष करते. घाई दाखवायला आपण तेच शब्द वापरतो!

तिसाव्या कलमाची गंमत तर आपल्या दोन गावांवरच सांगता येईल. सांगलीच्या हळदीचे पतपत्र 'वीस टन' म्हणून निघाले असेल, तर रक्कम ओलांडली नाही तोवर वजनात पाच टक्के इकडेतिकडे चालते. सोलापूरच्या टॉवेलचे पतपत्र नगांवर निघाले असेल, तर ही सवलत नाही. दहा हजार म्हणजे दहा हजारच. आणि प्रमाणाच्या आधी 'अबाउट' एवढा एक शब्द असेल, तर दोन्हीकडे दहा टक्क्यांची मोकळीक मिळते. हा शब्द मागून घ्यायचा असतो, पतपत्र उघडण्याआधी. स्पीकिंगच्या क्लासमध्ये 'अबाउट' शिकवतात, पण शब्दयोगी अव्यय म्हणून.

बँक माल पाहत नाही, कागद पाहते, हे त्याच नियमावलीचे पाचवे कलम. कागद तपासायला तिला बँकेच्या कामकाजाचे जास्तीत जास्त पाच दिवस मिळतात, आणि बिलावरचे मालाचे वर्णन पतपत्रातल्या वर्णनाशी जुळले नाही तर ती पैसे अडवते. तिथे हसतमुख संभाषण कामाला येत नाही.

विम्याचेही असेच. 'सीआयएफ' भावाने माल विकला की भाडे आणि विमा विक्रेत्याने भरायचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. मात्र मालाची जोखीम आपल्याच बंदरात, माल जहाजावर चढताच, घेणाऱ्याकडे जाते, हे ठाऊक असणारे थोडे. विक्रीच्या अटींची जी इन्कोटर्म्स २०२० ही नियमावली आहे, तिच्याप्रमाणे सीआयएफमध्ये विमाही किमान पुरतो, म्हणजे मालविम्याच्या ठरीव कलमसंचांपैकी 'सी' कलमांचा. त्यात चोरी येत नाही. बरे, जास्त हप्ता भरून 'ए' कलमांचा, ज्याला बाजारात 'ऑल रिस्क' म्हणतात तो, घेतला तरी त्याच्या चौथ्या कलमात वगळलेल्या गोष्टींची यादी असते. त्यात एक वाक्य आहे: उशिरामुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही, मग तो उशीर विम्यात बसणाऱ्या कारणाने झालेला असला तरीही. युद्धाची जोखीमही मूळ विम्यात नसते. ती वेगळी घ्यावी लागते. हे पुस्तकी वाटत असेल तर २०२४ चा द्राक्ष हंगाम आठवा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि न्हावाशेवाहून युरोपला जाणारा नाशवंत माल जास्तीचे दिवस समुद्रावर राहिला, भाडेही चढले. 'ऑल रिस्क' या नावावर विसंबून राहिलेल्याला हे चौथे कलम नुकसान झाल्यावरच वाचायला मिळते. ते विमापत्रासोबत छापलेले असते. अक्षर बारीक असते, एवढेच.

द्राक्षांचाच त्याहून मोठा धडा २०१० चा. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागाईतदार त्याला 'सीसीसी' किंवा 'लिहोसिन' म्हणून ओळखतात. वेलीची वाढ आवरण्यासाठी ते वापरले जाई. कंटेनर अडकले, भाव कोसळले, बागाईतदार कर्जात गेले. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि हा आकडा काही गुपित नव्हता. युरोपीय संघाच्या २००५ च्या ३९६ क्रमांकाच्या अधिनियमाखाली तो जाहीर होता. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत मात्र ते रसायनच नव्हते. त्या वेळी निर्यातीच्या साखळीत इंग्रजी बोलणाऱ्यांची वानवा होती असे कोणी म्हणणार नाही. उणीव होती ती समोरच्या देशाचा कायदा स्वतः उघडून आपल्या फवारणीच्या नोंदीशी ताडून पाहण्याच्या सवयीची. पुढे यादी वाढली, निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ग्रेपनेटची व्यवस्था अधिक कडक झाली. पण यादी सरकारने वाढवायची आणि आपण ती मुकाट पाळायची, ही वृत्ती तीच राहिली तर पुढचे रसायन पुन्हा तसेच निसटेल.

आता प्रश्न उरतो तो क्लासचा. शिकवणाऱ्याशिवाय हे येईल का, असे विचारतात. मी उलट विचारतो, हे शिकवणार कोण? द्राक्षवाल्याला माल पोहोचताच जो तपासणी अहवाल येतो, त्यात मणी गळणे, देठ तपकिरी पडणे, गंधकाच्या वायूने मण्यांवर पडलेले डाग, मऊपणा, कूज अशा दोषांची टक्केवारी असते. त्या अहवालावरच पुढे भाव कापला जातो. उत्तर तातडीने द्यावे लागते: पेटीवरचा लॉट नंबर दिसेल असे फोटो पाठवा, कंटेनरमधल्या तापमानाची नोंद पाठवा, त्रयस्थ सर्वेक्षक नेमा. टॉवेलवाल्याचे शब्द निराळे, हळदवाल्याचे आणखी निराळे. एकाच बाकावर या तिघांना बसवून एकच धडा शिकवणारा शिक्षक कुठून आणायचा? ज्याने त्याने आपल्या धंद्याच्या कागदांतूनच आपला धडा काढायचा. इथे स्वाध्याय ही गरिबाची तडजोड नाही, दुसरी वाटच नाही.

आणि हा स्वाध्याय आपल्याला परका नाही. खेड्यापाड्यांतल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढे ठेवून, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत वाक्ये फिरवत इंग्रजी शिकल्या. पुढे भाषा शिकवण्याच्या नव्या पद्धती आल्या आणि भाषांतर हा जुनाट प्रकार ठरला. संभाषणासाठी तो आक्षेप योग्य असेल. कराराच्या बाबतीत मात्र भाषांतराइतकी कठोर परीक्षा नाही. कलम मराठीत स्वच्छ लिहिता आले नाही, म्हणजे ते कळलेले नाही. 'साधारण समजले' ही पळवाट तिथे बंद होते.

करायचे ते एवढेच. आपलाच जुना करार, आपलेच विमापत्र, आपलाच नाकारलेला कागद समोर घ्यावा. रोज एक कलम वाचावे आणि त्याचे मराठी वहीत लिहावे. अडेल ते बँकेच्या विदेश व्यवहार विभागात किंवा आपल्या कस्टम एजंटाला जाऊन विचारावे. आपण नेमका प्रश्न विचारला की ही माणसे मनापासून सांगतात, 'मला सगळे समजावा' म्हटले की टाळतात. ज्याचा फटका बसला ते वाक्य वहीत वेगळे लिहून ठेवावे. युरोपचे कायदे संघाच्या २४ भाषांत फुकट वाचायला मिळतात. त्यात मराठी नाही, म्हणून इंग्रजी घ्यायची. ही सवय मोडते ती कंटाळ्याने नव्हे, तर हंगामात वेळ नसतो या सबबीने. हंगाम नसताना ती लागते, आणि म्हणूनच पावसाळा हा या अभ्यासाचा खरा काळ.

एक नवा पूर्वपक्षही आहे: आता मोबाइलच भाषांतर करतो, मग एवढा खटाटोप कशाला? मोबाइल जरूर वापरावा, मीही वापरतो. पण वर सांगितलेल्या 'फ्रॉम'चे भाषांतर तो दोन्ही ठिकाणी 'पासून' असेच करील आणि 'अबाउट'चे 'सुमारे'. भाषांतर चुकलेले नसेल, पैसे मात्र अडकतील. त्या शब्दामागे एक कलम आहे, हे ज्याला ठाऊक आहे तोच यंत्राला पुढचा प्रश्न विचारू शकतो. सही यंत्राची नसते.

बोलणे निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. बर्लिनच्या फळांच्या प्रदर्शनात उभे राहायचे तर चार वाक्ये बोलता यावीत, भांडणाच्या वेळी फोनवर ठामपणे उत्तर देता यावे. पण बिचकण्याचे मूळ व्याकरणात असते, हे निदान मला पटत नाही. आपण काय कबूल करतो आहोत याची खात्री नसते, म्हणून माणूस चाचरतो. ज्याने आपला करार ओळ न् ओळ वाचला आहे, तो मोडक्या इंग्रजीतही 'सहावे कलम पाहा' असे म्हणू शकतो, आणि तेवढ्यावर समोरच्याचा सूर बदलतो.

तेव्हा क्लासची फी भरण्याआधी एक करा. कपाटातून गेल्या हंगामाचे विमापत्र काढा आणि त्याला जोडलेल्या कलमांचे पान शोधा. चौथ्या कलमापासून वाचायला घ्या. काय काय भरून मिळणार नाही, ते तिथे लिहिलेले आहे.