ब्याधि की व्याधि?

तीस वर्षे मी सोलापुरात मुद्रितशोधकाचे काम केले. खिळे जुळवण्याच्या काळापासून ते संगणकावर पान लागण्यापर्यंत. त्यामुळे छापील मजकूर समोर आला की मला अर्थाआधी चूक दिसते. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही, आणि एकदा तिनेच मला तोंडघशी पाडले.

आमच्या भागातल्या विहारासाठी वैशाख पौर्णिमेला पालि सुत्तांची छोटी पुस्तिका काढायचे ठरले. मजकूर एका संकेतस्थळावरून देवनागरीत आयताच मिळाला. मुद्रिते अर्थातच माझ्याकडे आली. वाचू लागलो तर जागोजागी ‘ब्याधि’, ‘ब्यञ्जन’! मराठी माणसाला व्याधी ठाऊक, व्यंजन ठाऊक. कुणा टंकलेखकाने ‘व’च्या पोटात उगाच रेघ ओढली, असे समजून मी सगळीकडे ‘व्या’, ‘व्य’ केले. पाचशे प्रती छापून घेतल्या आणि संकेतस्थळ चालवणाऱ्यांनाही चुकांची लांबलचक यादी पाठवून दिली.

उत्तर आले ते मोठे नम्र होते. या चुका नाहीत, हा बर्मी पाठ आहे. सिंहली परंपरेत ‘व्याधि’, बर्मी परंपरेत ‘ब्याधि’. आपण कोणती छापील प्रत समोर ठेवून तपासलेत?

मी कोणतीच प्रत समोर ठेवली नव्हती. मराठी समोर ठेवली होती.

म्हणजे ‘व्याधि’ चूक नव्हते, पण उरलेली पुस्तिका बर्मी वळणाची राहिली होती. ‘वीरिय’ शब्दातला ‘वी’ बर्मी आवृत्तीप्रमाणे दीर्घ आणि शेजारी ‘व्याधि’ सिंहली. कुठल्याच परंपरेत नसलेला एक पाठ मी सोलापुरात तयार केला होता. मग मात्र हे ग्रंथ आजवर तपासले कसे गेले, याचा शोध घ्यायची ओढ लागली.

परंपरा सांगते की बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकश्यपांनी प्रश्न विचारायचा, विनयाबद्दल उपालींनी आणि सुत्तांबद्दल आनंदांनी उत्तर द्यायचे, आणि मग सर्वांनी ते एका सुरात म्हणायचे. संगीती या शब्दाचा अर्थच एकत्र म्हणणे. शंभर जण एकत्र म्हणत असताना एकाची चूक लपत नाही. आम्ही छापखान्यात मूळ प्रत मोठ्याने वाचायला एक जण बसवायचो, त्यामागचे तत्त्व तेच.

लेखन आले आणि नक्कल करणाऱ्याचे डोळे चुकू लागले. त्यावर ब्रह्मदेशच्या मिंडोन राजाने उपाय केला तो दगडाचा. मंडालेच्या कुथोडॉ आवारात ७२९ संगमरवरी शिळांवर दोन्ही बाजूंनी त्रिपिटक कोरून घेतले. ते काम १८६८ मध्ये पुरे झाले आणि १८७१ मध्ये पाचवी संगीती भरली. दगडाला वाळवी लागत नाही. पण एकदा कोरलेली चूक खोडायची कशी, हा प्रश्न उरतोच.

सहावी संगीती १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला भरली. मानवनिर्मित महापासाण गुहेत अडीच हजार भिक्षू, त्यांत श्रीलंका, थायलंड, कंबोडिया, लाओसचेही. महासी सयाडो प्रश्न विचारत आणि मिंगून सयाडो स्मरणातून उत्तरे देत. तीच राजगृहाची रीत. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा हे काम चालू होते. मला या आवृत्तीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती तळटिपा. सी., स्या., कं., पी. म्हणजे सिंहली, सयामी, कंबोडियन आणि लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीची प्रत. दुसरीकडे निराळे आढळले तर ते पुसले नाही, खाली नोंदवून ठेवले. मी त्या तळटिपा वाचायचे कष्ट घेतले असते तर पुढचा प्रकार टळला असता.

या कामाला किती धीर लागतो ते आपल्या धर्मानंद कोसंबींकडे पाहावे. गोव्यात जन्मलेला हा माणूस १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्डला गेला तो हेन्री क्लार्क वॉरन यांचे ‘विसुद्धिमग्ग’चे अपुरे संपादन तडीस नेण्यासाठी. वॉरन १८९९ मध्येच वारले होते. देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. हार्वर्डचा ग्रंथ छापून आला १९५० साली. तोवर कोसंबींनाही जाऊन तीन वर्षे झाली होती.

रंगूनचा पाठ देवनागरीत आणि संगणकावर आला तो आपल्या इगतपुरीत, धम्मगिरीवरच्या विपश्यना विशोधन विन्यासात. ही संस्था १९८५ ची. नव्वदच्या दशकात देवनागरी खंड निघू लागले, पाठोपाठ सीडी आली, मग संकेतस्थळ. इथली एक बाब सोलापूरकरांना पटकन कळेल. जॅकार्डच्या पत्त्यात एक भोक चुकले की त्या पत्त्यावर विणलेल्या प्रत्येक चादरीत त्याच जागी तोच दोष. इगतपुरीच्या संगणकीय फाइली मुळात देवनागरीत आहेत. रोमन, सिंहली, थाई ही रूपे त्यांच्यावरून यंत्राने होतात. देवनागरीत ‘ध’चा ‘घ’ झाला तर तो सगळ्या लिप्यांत उतरतो आणि इथे दुरुस्त केला तर नव्याने काढलेल्या सगळ्या रूपांत दुरुस्त होतो. काही चुका तर डोळ्यांना दिसतही नाहीत. बर्मी लिपीतले ‘व’ अक्षर आणि शून्याचा आकडा जवळजवळ सारखेच दिसतात. वाचणारा फसत नाही, पण संगणकाला तो शब्द शोधूनही सापडत नाही.

दुसऱ्या खेपेस मी शहाणा झालो होतो. खराच एक ‘घ’ सापडला, तेव्हा छापील खंड मिळवला. सुत्ताचे नाव, परिच्छेद क्रमांक, पडद्यावर काय आहे, छापील पानावर काय आहे, तळटिपेत काही पाठभेद आहे का, एवढे लिहून कळवले. तीन आठवड्यांत अक्षर बदलले. पण त्याच संकेतस्थळावरून आधी उतरवून घेतलेली फाइल आमच्या विहारातले लोक एकमेकांना मोबाइलवर पाठवत असतात. तिच्यात तो ‘घ’ अजून आहे. तिचा मालक कोण, कळवायचे कुणाला?

पुस्तिकेचे म्हणाल, तर शुद्धिपत्र छापून उरलेल्या १८० प्रतींत मी स्वतः खळीने चिकटवले. बाकीच्या बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडे गेल्या होत्या.