मुखांतील व्याधि व मुखावरील कांति

मुखाच्या कर्करोगांत दोन इच्छा झगडतात : रोग समूळ जावा व चेहरा होता तसा राहावा. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूवर १८९३ सालीं असा व्रण आढळला. देशावर आर्थिक अरिष्ट असल्यानें ही वार्ता गुप्त ठेवण्यांत आली. १ जुलै रोजीं 'ओनायडा' नौकेवर डॉ. ब्रायंट प्रभृतींनीं वरच्या जबड्याचा डावा भाग बहुतेक काढला. तोंडांतूनच शस्त्र चालविल्यामुळें गालावर वण नाहीं, मिशाहि शाबूत! संशय उरलेला भाग १७ जुलैस काढला. पोकळी रबरी टाळूनें भरतांच वाणीहि सुधारली. क्लीव्हलंड १९०८ पर्यंत जगले.

परंतु एडवर्ड्स नामक वार्ताहरानें त्याच ऑगस्टांत खरी हकीकत छापली, तेव्हां अध्यक्षांच्या पक्षानें तिचा इन्कार केला; निर्व्यंग चेहराच त्याच्याविरुद्ध साक्षी झाला. शस्त्रक्रियेंत सहभागी असलेल्या डॉ. कीन यांनीं १९१७ सालीं सत्य सांगितलें, तोंवर चोवीस वर्षें लोटलीं होतीं.

मुद्रा व वाचा राखण्याची इच्छा आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. रोग्यानें ती वैद्यापाशीं निःसंकोच बोलावी. पण आपला चेहरा दुसऱ्याच्या अब्रूवर राखणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.