सहव्याधी आणि मुलांतील कोविड-१९

सार्स-कोव्ह-२ या विषाणूची लागण झालेल्या बहुतेक मुलांना ताप, सर्दी, खोकला, क्वचित जुलाब यापलीकडे त्रास होत नाही. पुष्कळांना लक्षणे जाणवतही नाहीत. थोड्या मुलांत आजार गंभीर होतो आणि त्यांतल्या अनेकांना आधीपासूनच दुसरा आजार असतो. त्याला सहव्याधी म्हणतात.

इंग्लंडमध्ये प्रत्येक बालमृत्यूची नोंद सक्तीची असल्याने तेथील माहिती विशेष भरवशाची आहे. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात तेथे १८ वर्षांखालील ३,१०५ जण दगावले. त्यांपैकी ६१ जणांच्या चाचणीत हा विषाणू सापडला होता; पण कागदपत्रे तपासल्यावर कोविडमुळेच झालेले मृत्यू २५ निघाले, म्हणजे दहा लाख मुलांमागे सुमारे दोन. या २५ पैकी १९ मुलांना दीर्घकालीन आजार होते. सहव्याधीने धोका वाढतो हे खरे, पण तो मुळात फार लहान आकड्यावर वाढतो. हे न सांगता पालकांना नुसती आजारांची यादी देणे म्हणजे त्यांना विनाकारण घाबरवणे होय.

मेंदू व मज्जासंस्थेचे गंभीर विकार असलेली मुले सर्वांत नाजूक ठरली. सेरेब्रल पाल्सी झालेल्या अनेक मुलांना जोर लावून खोकता येत नाही, गिळताना घास किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते, पाठीचा कणा वाकल्याने छाती पुरेशी फुलत नाही. निरोगी मूल जो कफ सहज बाहेर टाकते, तोच येथे फुफ्फुसात साचून राहतो. डाउन सिंड्रोम, जन्मजात हृदयदोष, कर्करोगावरील उपचारांनी खचलेली प्रतिकारशक्ती आणि तान्ह्या बाळांत अपुऱ्या दिवसांचा जन्म यांनीही धोका वाढतो. सिकलसेल हाही त्यांतलाच. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात तो बराच आढळत असल्याने महाराष्ट्रातील डॉक्टरांनी त्याची आठवण ठेवलीच पाहिजे.

अमेरिकेतील आठशेहून अधिक रुग्णालयांतल्या ४३,४६५ बालरुग्णांच्या अभ्यासात सर्वाधिक आढळलेली सहव्याधी दमा होती. रुग्णालयात दाखल होण्याशी अधिक घट्ट संबंध मात्र टाइप-१ मधुमेह आणि लठ्ठपणा यांचा दिसला. मधुमेही मुलात कोणत्याही संसर्गाने साखर वाढते, इन्सुलिन अपुरे पडते आणि रक्तात आम्ल साचू लागते.

सहव्याधी नसलेले मूल पूर्ण सुरक्षित असते, असेही नाही. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी अनेक अवयवांना सूज आणणारा ‘एमआयएस-सी’ हा विकार बहुधा आधी ठणठणीत असलेल्या मुलांनाच होतो.

ब्रिटनच्या लसीकरण समितीने जुलै २०२१ मध्ये १२ ते १५ वयोगटात गंभीर मेंदूविकार, डाउन सिंड्रोम व क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्या मुलांना आधी लस देण्याची शिफारस केली. भारतात ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाला आणि १६ मार्चपासून १२ ते १४ वयोगटाला लस मिळू लागली. निकष फक्त वयाचा होता. सहव्याधी असलेल्या मुलांना येथेही पहिला मान मिळायला हवा होता.